संक्रांतीचं वाण घरीच करायचंय, 40 जणी आणि हजार रुपये, काय काय करता येईल?

डोंबिवलीची अबोली

नमस्कार मंडळी. दरवर्षी हा प्रश्न मी 10 जानेवारीला विचारते आणि मग स्टेशनबाहेर जे दिसेल ते डझनाच्या भावात उचलून घरी येते, म्हणून यंदा शहाणपणा करून डिसेंबरातच विचारतेय.

झालं असं की परवा माळा आवरायला घेतला. गेल्या सात-आठ वर्षांची वाणं एका पिशवीत कोंबलेली सापडली. गुलाबी प्लास्टिकच्या गाळण्या तीन, साबणाच्या डब्या चार, एक लिंबू पिळायचं यंत्र ज्याने आजतागायत एकही लिंबू पिळलेलं नाही, आणि चिमटे मोजलेच नाहीत. स्टीलच्या वाट्या मात्र अकरा निघाल्या, त्या रोजच्या वापरात येतील, वाट्यांबद्दल तक्रार नाही. पण कहर म्हणजे एक गाळणी मीच 2022 ला लुटलेली होती!! मागे माझ्याच अक्षरातला नंबर अजून होता (मी मोजायला नंबर टाकले होते). म्हणजे ती बिल्डिंगभर फिरून दोन-तीन वर्षांनी माहेरी आली.

तर यंदा ठरवलंय की घरी केलेलं काहीतरी द्यायचं आणि शक्यतो संपून जाणारं. आता अटी वाचा. 2026 ची संक्रांत 14 ला बुधवारी आहे आणि रथसप्तमी लगेच 25 ला, म्हणजे मध्ये फार दिवस नाहीत, मी हळदीकुंकू 18 च्या रविवारी ठेवलंय. बायका 40. बजेट हजार, म्हणजे डोकी 25 रुपये, त्यात पॅकिंगसकट. नोकरी आहे, घरी पोचायला साडेसात होतात, त्यामुळे हातात फक्त मधले दोन रविवार. शिलाई मशीन घरात आहे पण ते सासूबाईंचं आहे आणि त्यांचंच ऐकतं. मला स्वयंपाक बऱ्यापैकी जमतो, क्रोशा, पेंटिंग वगैरे कलाकुसर शून्य. तिळगूळ तर देणारच आहे, तो वाणात धरायचा नाही. आणि पाच-सहा जणींना शुगर आहे त्यामुळे वाण गोड नको.

अजून एक, जरा वेगळं आहे पण इथेच विचारते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दरवर्षी माझ्या हळदीकुंकवाला दारात अत्तर लावायला उभ्या असतात, ते काम त्यांचंच. गेल्या मे महिन्यात काका गेले. त्यांना बोलवायचं हे माझं ठरलंय, पण त्यांना अवघडल्यासारखं न होता कसं बोलावू?

तेलवात

तुपातल्या फुलवाती कर, याच्याइतकं सोपं काही नाही. मी दोन वर्षं केल्यात. कापसाच्या फुलवाती विकतच्या घे (किंवा टीव्ही बघत वळ), वनस्पती तूप पातळ करायचं, बर्फाच्या ट्रेमध्ये किंवा चॉकलेटच्या साच्यात अर्ध्यापर्यंत ओतायचं, वात शेंडी वर ठेवून उभी करायची, मग वरून थोडं तूप, आणि फ्रीजमध्ये. अर्ध्या तासात टकाटक निघतात. तूप फार गरम असताना वात ठेवलीस तर ती आडवी पडते, तेवढं बघ. अर्धा किलोत माझ्या छोट्या साच्याच्या शंभरेक झाल्या होत्या. म्हणजे 40 जणींना पाच-पाच द्यायच्या तर एक किलो लागेल. रोज संध्याकाळी निरांजनात एक ठेवली की झालं, तूप वितळवा, वात भिजवा ही कटकट नाही, त्यामुळे नोकरीवाल्यांना फार आवडतात.

निरंजना

वनस्पती तुपाचं निरांजन देवापुढे? आमच्याकडे चालणार नाही बाई. साजूकच हवं.

तेलवात

साजूकच्या पण केल्या आहेत, पण मग 25 रुपयांत बसत नाही. आणि दुसरी अडचण, दुपारी ऊन चढलं की साजूक तूप डबीतच मऊ होतं आणि बायकांच्या पर्समध्ये जाऊन बसतं. एकीच्या पैठणीवर डाग पडला, अजून ऐकवते मला. वनस्पती जरा दम धरतं. डबीवर "वनस्पती" असं स्पष्ट लिही म्हणजे ज्यांना चालत नाही त्या तुळशीपाशी लावतील.

पेठेतली मावशी

अगं अबोली, मेतकूट कर. मी सांगते ना. गोड नाही, टिकतं, आणि हल्ली कोणी घरी करत नाही त्यामुळे अप्रूप आहे. घरात आजारी माणूस असो की लहान मूल, मऊ भात तूप मेतकूट लागतंच. दह्यात कालवलं की तोंडीलावणं. पातळ पोह्यांना कच्चं तेल, तिखट, मीठ, मेतकूट लावून वर कांदा घातलास की संध्याकाळचं खाणं झालं.

माझं प्रमाण लिहून घे. हरभऱ्याची डाळ 4 वाट्या, उडदाची डाळ 2, तांदूळ 1, गहू 1, मूगडाळ अर्धी. धने अर्धी वाटी, जिरं पाव वाटी, मेथ्या 2 चमचे, मोहरी 1 चमचा, सुक्या मिरच्या आठ-दहा. सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र नाही, कारण डाळ लाल होईपर्यंत जिरं जळून जातं. डाळी मंद आचेवर खमंग, मेथ्या जरा कमीच भाजायच्या, काळ्या झाल्या की सगळं कडू. मोहरी तर नुसती गरम. भाजून झालं की परातीत पूर्ण गार होऊ दे, मग 2 चमचे सुंठ, 2 हळद, 2 हिंग आणि अर्धं जायफळ किसून घाल.

आता मुख्य गोष्ट. हे मिक्सरवर करू नकोस, एवढं मिक्सरवर करायला बसलीस तर मिक्सर तापतो, पीठ तापतं आणि वास उडतो. गिरणीत ने आणि गिरणीवाल्याला सांग की बेसनावर दळ. ज्वारी-बाजरीवर दळलं तर ते पीठ मिसळतं आणि मिरचीवर दळलं तर देव वाचवो. बारीक दळायला सांग. आणल्यावर डबा लगेच बंद करू नको, वाफ धरते, पातेल्यात पसरून वर पंचा टाक आणि रात्रभर राहू दे.

40 ग्रॅमची एक पुडी धर. 40 पुड्या म्हणजे 1600 ग्रॅम, वरचं प्रमाण साधारण तिथेच जातं. सगळं मिळून तीनशेच्या आसपास खर्च यावा, आमच्या वाण्याकडे तरी तेवढा आला.

क्षितिज_ठाणे

एक शंका. खायचं वाण दिलं तर "वस्तू" दिली असं होत नाही ना? आमच्या आईचं म्हणणं वाण म्हणजे वस्तू.

पेठेतली मावशी

आमच्या लहानपणी वाणात गूळ, मीठ, तांदूळ, सुपारी असलंच सगळं असायचं रे. प्लास्टिकचं मग नंतर आलं. आणि सुगडात आपण काय घालतो? ऊस, बोरं, हरभरा, गाजर, शेंगा. खायचंच की.

चौकट राजा

मी सांगू का, 40 जणींना बोलवायचंच कशाला. दहा जणी बोलवा, प्रत्येकीला शंभराचं द्या, सगळ्यांचा वेळ वाचेल.

डोंबिवलीची अबोली

दादा, बिल्डिंगमध्ये राहून दहा जणींना बोलवून दाखवा, उरलेल्या तीस जणी लिफ्टमध्ये माझ्याशी बोलणार नाहीत 😄

मावशी, मेतकूट आवडलं. पण पॅकिंगचं काय? बघितलं तर काचेच्या बरण्या 18-20 रुपयांच्या खाली नाहीत, म्हणजे आतल्या मालापेक्षा डबा महाग.

वरदा_शिवणकाम

जुन्या साड्यांच्या पिशव्या शिव ना, फुकटात होतात. एका साडीत 40 आरामात निघतील.

तीन_नंबरची_सुई

ताई, 40 निघत नाहीत हो, का उगाच आशा लावताय. मी हिशोब करून सांगते, मी शिवते म्हणून. साडी धरा साडेपाच मीटर, म्हणजे 216 इंच, पन्हा 45. भाजी आणायची बरी पिशवी हवी तर कापड 15 बाय 34 कापावं लागतं, दुमडून शिवल्यावर 14 बाय 16 ची होते. पन्ह्यात तीन बसतात, लांबीत पाच ओळी घेतल्या तर 170 इंच गेले, झाल्या 15. उरलेल्या 46 इंचात 3 इंच रुंद आणि 22 लांब असे 30 बंद बरोब्बर निघतात, दर पिशवीला दोन. म्हणजे एक साडी 15 पिशव्या, पदर-काठ कसेही येऊ देत. 40 ला तीन साड्या. आणि हे चांगल्या जाड कॉटनचं झालं, विरलेली साडी असेल तर डबल कापड घ्यावं लागतं मग निम्म्याच होतात. सिंथेटिक साडीच्या शिवू नका, टाके सरकतात आणि कांदे-बटाटे भरले की बंदाशी उसवते.

वेळ, माझा सवयीचा हात आहे तरी एका पिशवीला पंधरा मिनिटं, 40 ला दहा तास. नवीन माणसाला दुप्पट धरा.

क्षितिज_ठाणे

माझं प्रामाणिक मत, पिशव्या नको. 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी आली ना, तेव्हापासून प्रत्येक जण प्रत्येकाला कापडी पिशवीच देतोय. लग्नात पिशवी, वास्तुशांतीला पिशवी, बँकेची पिशवी. बायकोने परवा मोजल्या, 21 आहेत, आणि भाजीला जाताना तरीही एकही सापडत नाही.

तीन_नंबरची_सुई

हे मात्र खरंय. मीच 300 तरी शिवून विकल्या असतील 🙈 पण छोट्या बटव्या शिवता येतील, 6 बाय 8 च्या, नाडी ओढायच्या. मेतकुटाची पुडी आत. तेवढ्या एका साडीत सहज निघतात आणि नंतर दागिने, चार्जर, काहीही ठेवता येतं.

गच्चीवरचा माळी

पुरुषाने मध्ये बोललेलं चालत असेल तर बोलतो. गवती चहा द्या. आमच्या गच्चीत एका जुन्या टबात एक ठोंब आहे, चार वर्षांचा, तो उपटून फोडला की पंचवीस-तीस फुटवे सहज निघतात. तुमच्या ओळखीत दोन जणांकडे असेल तर 40 झाले, खर्च शून्य. पानं चार-पाच बोटं ठेवून वरची कापून टाका (कापलेली चहात घाला), मुळं धुवून ओल्या कापडात गुंडाळा, कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी फोडलं तरी चालतं. लागण पावसाळ्यात जास्त चांगली होते पण पाणी दिलं की जानेवारीत पण जगतो, फक्त हळू वाढतो. खिडकीतल्या कुंडीत पण येतो, ऊन हवं.

करवंटीत लावून दिलं तर फारच सुंदर दिसतं. नारळाला जे तीन डोळे असतात त्यातला एक मऊ असतो, तो स्क्रू ड्रायव्हरने आरपार केला की पाणी निचरायला भोक तयार. करवंट्या खानावळीत मागा, ते फेकूनच देतात. फक्त अख्ख्या अर्ध्या मिळायला हव्यात, 40 गोळा करायला मला तीन आठवडे लागले होते.

पानओवा पण असाच, फांदी खोचली की लागते, त्याची भजी होतात.

निरंजना

कल्पना छानच आहे पण दादा, बायका हळदीकुंकवाला सिल्कच्या साड्या नेसून येतात हो, एका घरून चार घरी जातात. हातात मातीची करवंटी घेऊन कुठे कुठे फिरणार?

गच्चीवरचा माळी

हं, हे लक्षात नव्हतं आलं. मग मातीशिवाय द्या, नुसता फुटवा ओल्या फडक्यात आणि वरून केळीचं पान बांधा. नाहीतर ज्यांना हवं त्यांची नावं लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पोचवा. सगळ्यांना झाडं नको असतात हे मी पण शिकलोय, दोन वर्षांपूर्वी दिलेली तुळस एका शेजाऱ्याने जिन्यात ठेवून दिली, तिला रोज मीच पाणी घालतो.

लिमेरिकची लेक

इकडे आयर्लंडमधून एक अनुभव. मी गेल्या वर्षी मोठ्या उत्साहात क्रोशाचे कोस्टर करायचे ठरवले, घरीच बसलेय थंडीत, दोऱ्याचा खर्च पण फार नाही. एका कोस्टरला 40 मिनिटं. आमच्याकडे हळदीकुंकवाला 25 बायका होत्या तर साधारण 17 तास झाले, शेवटचे सहा मी रात्री दोनला रडत रडत विणले आणि ते चौकोनी व्हायचे ते पंचकोनी झाले. अबोली, तुझ्या 40 ला 27 तास लागतील, नादाला लागू नको.

यंदा मी जवसाची चटणी करणार आहे. जवस इथे पोत्याने मिळतं, लोक नाश्त्यात घालतात. जवस भाजून, चौथा हिस्सा तीळ, सुक्या मिरच्या, जिरं, मीठ, थोडी आमचूर. फक्त ती महिन्याभरात संपवायला हवी, नंतर जवसाला खवट वास येतो, डब्यावर तारीख लिहितेच. लसूण घालायचा मोह होतो पण कच्चा लसूण घातला की टिकत नाही.

कपाळमोक्ष

मी हळदीपासून घरी कुंकू करून वाटायचं ठरवलं होतं, कारण हळद खारात लाल होते हे शाळेत शिकलेलो सगळे. रंग काय सुरेख आला म्हणून सांगू. नणंदेला लावून बघितलं, दहा मिनिटांत कपाळ चुरचुरायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत रुपयाएवढा लाल डाग, कुंकू पुसलं तरी. तिला त्या वर्षी वेगळं कुंकू लावायची गरजच पडली नाही. त्यामुळे मैत्रिणींनो, अंगाला लागणारं काहीही दुसऱ्यांना द्यायच्या आधी विचार करा. साबणाचं पण तेच. कॉस्टिक सोड्याचे घरगुती साबण करतात त्यांना चार-पाच आठवडे मुरावे लागतात, अबोलीकडे तेवढे दिवस नाहीत.

कृष्णाकाठ

वाणाचं सगळ्यांनी सांगितलंच, काकूंच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहिते.

मी शिरोळ तालुक्यातली. आमच्या शेजारच्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे करायचं नाही म्हणून. त्याच महिन्यात सरकारनं पण परिपत्रक काढून बाकीच्या गावांना सांगितलं की असंच करा. पण ठराव होऊन गावात लगेच सगळं बदलतं असं नाही बघा. आमच्याकडं पहिल्या वर्षी बायकांना बोलावलं तर येऊन मागंच बसल्या, कुंकवाची वाटी पुढं आली की हात आखडता. का, तर सगळ्यांच्या देखत "लावू का?" म्हणून विचारलं. असं विचारलं की त्या माणसाला "नको" म्हणण्याशिवाय दुसरं काय सुचणार?

तर माझं सांगणं, कार्डावर किंवा व्हॉट्सॅपवर बोलवू नका, घरी जाऊन बसा दहा मिनिटं. आणि "या हं" एवढंच म्हणू नका, काम सांगा. अत्तराचं काम त्यांचं आहे ना, मग अत्तरदाणी आदल्या दिवशी त्यांच्याच घरी नेऊन द्या. काम असलं की माणूस येतं. कुंकू लावायचं की नाही ते त्यांना घरी एकट्यात विचारा आणि त्या म्हणतील ते करा. तिळगूळ आणि वाण सगळ्यांना एकच.

तेलवात

हे वाचून डोळ्यात पाणी आलं. अत्तरदाणी आदल्या दिवशी द्यायची, किती बारीक विचार केलाय.

पेठेतली मावशी

पॅकिंगचं राहिलं. लग्नपत्रिका! प्रत्येक घरात गठ्ठा असतो, टाकवत नाहीत आणि ठेवून करायचं काय. त्या जाड कागदाची पाकिटं फार छान होतात. गणपतीचं चित्र असतं तो भाग पुढे येईल असं कापायचं, नवरा-नवरीची नावं आत जातात. पण मेतकूट थेट त्यात घालायचं नाही, आत बटर पेपरची पुडी. छापील कागदाची शाई खाण्याला लागू द्यायची नाही. वर्तमानपत्रात खायचं बांधू नका असं एफएसएसएआयने पण 2016 लाच बजावलंय, तरी आपण वडापाव त्यातच खातो ते सोड.

वाण्यासारखी पुडी बांधता येते का तुला? नाही ना. सासूबाईंना येत असेल बघ. आणि पाकिटावर काय काय घातलंय ते लिही, कुणाला मोहरी चालत नाही, कुणाला गहू.

डोंबिवलीची अबोली

ठरलं!! मेतकूट, बटर पेपर, लग्नपत्रिका. सोबत प्रत्येकी दोन फुलवाती वनस्पतीच्या, लिहून. बटव्या सासूबाईंना विचारून बघते, त्यांचा मूड बघून. गवती चहा ज्यांना हवा त्यांची यादी करणार. कृष्णाकाठ ताई, तुमचं तीन वेळा वाचलं, अत्तरदाणी नेऊन देते.

डोंबिवलीची अबोली (अपडेट, 19 जानेवारी)

काल झालं एकदाचं. सगळ्यांनी मदत केलीत म्हणून सविस्तर लिहिते.

4 तारखेच्या रविवारी भाजायला घेतलं. डाळ भाजता भाजता सासूबाई नुसत्या बघायला म्हणून आल्या आणि पाचव्या मिनिटाला उलथनं त्यांच्या हातात होतं, मी फक्त डबे पुढे करत होते. दोन तास लागले सगळं वेगवेगळं भाजायला, घरभर असा वास की समोरच्या दारातून "काय चाललंय" म्हणून विचारणा झाली. मेथ्यांची पहिली खेप मी करपवली, दुसरी त्यांनी केली. मोहरी जरा जास्त पडली असं त्यांचं मत आहे आणि ते त्यांनी 40 पैकी किमान 30 जणींना सांगितलंय.

गिरणीवाला बेसनावर दळायला तयार होता पण म्हणाला सकाळी आठला या, पहिलं दळण बेसनाचं असतं. ऑफिसला उशीर झाला. आणि जरा भरड आलं होतं म्हणून घरी चाळावं लागलं, पिठाच्या चाळणीतून खाली काहीच पडेना, शेवटी माळ्यावरची ती गुलाबी गाळणी काढली. बरोबर त्यातून चाळलं गेलं. माझ्याच नंबराची.

पुड्या भरल्या 41, एक कमी भरली. खर्च लिहिते कारण कुणीतरी पुढच्या वर्षी विचारेल. डाळी, गहू, तांदूळ, मसाला 290. दळण 40. बटर पेपर 90. वनस्पती अर्धा किलो आणि कापूस मिळून 130, फुलवाती 92 झाल्या, बारा घरात राहिल्या. दोरा-डिंक 35. म्हणजे 585. उरलेल्या पैशात तीळ आणि चिकीचा गूळ आणला. बटव्या झाल्या नाहीत, सासूबाई म्हणाल्या पुढच्या वर्षी बघू, त्यांची ती मोरपंखी साडी कापायला मन होईना आणि मला पण आग्रह करवेना.

लग्नपत्रिकांची गंमत म्हणजे एक पाकीट उघडून तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली की अगं ही माझ्याच दिराची पत्रिका आहे. नावं आत गेली होती पण हॉल बाहेर राहिला होता.

गवती चहाच्या यादीत नऊ जणी आल्या. माळी दादा, ठोंब मला शेजारच्या सोसायटीत मिळाला, आज संध्याकाळी फोडणार.

काकू आल्या. शनिवारी अत्तरदाणी घेऊन गेले तेव्हा आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या यात अत्तर जुनं आहे, उग्र झालंय, मी नवीन घालते. कुंकवाचं विचारलं तर म्हणाल्या हळद लाव, कुंकू या वर्षी नको, पुढचं पुढे. तसंच केलं. दारात उभ्या राहून सगळ्यांना अत्तर लावलं, एक-दोघींनी एकमेकींकडे बघितलं, बाकी कुणी काही बोललं नाही. जाताना मेतकूट दोन पुड्या मागून घेतल्या, एकटीला भात लावला की बरं पडतं म्हणाल्या. ती कमी भरलेली पण दिली.

पेठेतली मावशी

छान केलंस गं. मोहरीचं सासूबाईंचं बरोबर आहे, पुढच्या वेळी अर्धाच चमचा घाल. काकूंची पुडी संपली असेल पंधरा दिवसांत, तेव्हा परत थोडं कर, एवढ्याशा मापाला मिक्सर चालतो.

क्षितिज_ठाणे

त्या गुलाबी गाळणीचं आता काय करणार?

डोंबिवलीची अबोली

मेतकुटाच्या डब्यातच ठेवलीय.